भंगारातला टॅक्सी-रेडिओ आणि डोंगरमाथ्यावरचा रिपीटर

१/
हौशी रेडिओचालकाच्या, म्हणजे हॅमच्या, हातातील छोट्या संचाचा आवाज दोन मीटर पट्ट्यात जवळजवळ नजरेच्या टप्प्याइतकाच जातो. मध्ये टेकडी आली की संवाद तुटला. त्यावरचा उपाय म्हणजे उंचावर बसवलेला रिपीटर. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर अधिक शक्तीने तेच बोलतो. वादळात वा भूकंपात टेलिफोन बंद पडले, तर गावाला जोडणारा तोच एक धागा उरू शकतो. हे यंत्र पगारावर जगणाऱ्या हॅमच्या आवाक्यात आले ते अमेरिकेत, आणि आले ते भंगाराच्या वाटेने.

२/
१९४० च्या सुमारास कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी चालत्या मोटारींतून एफएमवर दुतर्फा बोलण्याची राज्यव्यापी यंत्रणा उभारली. तिचे शिल्पकार प्राध्यापक डॅनियल नोबल पुढे मोटोरोलात गेले. युद्धानंतर टॅक्सी, रुग्णवाहिका, वीज कंपन्या अशा सर्वांच्या गाड्यांत एफएम संच आले. डिकीत बसवायचे हे जडशीळ, व्हॉल्व्हवर चालणारे संच नवे घ्यायचे तर हौशी माणसाचा खिसा रिकामा होई.

३/
रिपीटरची कल्पना मात्र हॅम मंडळींपाशी होतीच. १९५० च्या दशकात आर्थर जेंट्री यांनी लॉस एंजेलिसच्या माउंट ली या डोंगरावर के६एमवायके हा रिपीटर चालवला. हॉलिवूडची ती प्रसिद्ध पांढरी अक्षरे याच डोंगराच्या उतारावर आहेत. पहिल्या हौशी रिपीटरचा मान बहुधा त्यालाच दिला जातो. पण तो होता एएमचा, आणि एका कुशल माणसाच्या कष्टाचे फळ. गावोगावी तसे होणे अवघड होते.

४/
चित्र पालटले ते एका सरकारी नियमाने. व्यावसायिक पट्ट्यांत गर्दी वाढली, तेव्हा एफसीसी या अमेरिकी नियामक आयोगाने वाहिन्या अरुंद करण्याचे ठरवले. संचाचे डेव्हिएशन १५ किलोहर्ट्झवरून ५ वर आणणे भाग पडले. १९६० च्या दशकात टॅक्सी कंपन्यांनी आणि पोलीस ठाण्यांनी जुने रुंदपट्टी संच बदलायला काढले. चालू स्थितीतील, उत्तम बांधणीचे हजारो संच एकाएकी निरुपयोगी ठरले.

हे संच १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचे होते, आणि हॅमचा १४४ ते १४८ मेगाहर्ट्झचा पट्टा त्याला अगदी लागून. क्रिस्टल बदलायचा, कॉइल थोड्या फिरवून जुळवून घ्यायच्या, की संच हॅमच्या कामाला तयार. भूगोलाने नव्हे, तर वर्णपटाच्या शेजारधर्माने साधलेला हा योग!

५/
हळूहळू जोड्या ठरल्या. १४६.३४ वर ऐकायचे आणि १४६.९४ वर बोलायचे, ही 'थ्री-फोर नाइन-फोर' जोडी अमेरिकाभर तोंडी रुळली. दोन्हींत अंतर ६०० किलोहर्ट्झ, आणि खर्चाची खरी मेख इथेच आहे.

६/
५० वॅटचा ट्रान्समीटर आणि मायक्रोव्होल्टच्या अंशावर कान लावून बसलेला रिसीव्हर एकाच अँटेनावर, तेही अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने! आपल्याच ओरडण्याने रिपीटर बहिरा होतो. बहिरा होऊ नये म्हणून दोहोंमध्ये साधारण ८० डेसिबल, म्हणजे दहा कोटी पटींचा, आडोसा लागतो. तो देतो ड्युप्लेक्सर: दीड-दोन फूट उंचीच्या, काटेकोर जुळवलेल्या धातूच्या नळकांड्यांचा संच. ही नळकांडी भंगारात सहज मिळत नसत. मग काही क्लबांनी रिसीव्हर एका टेकडीवर आणि ट्रान्समीटर दुसऱ्या टेकडीवर ठेवून टेलिफोनच्या तारेने जोडले. काहींनी घरीच तांब्याचे पत्रे वळवून कॅव्हिटी केल्या. संच मातीमोल भावाने मिळाला, तरी ड्युप्लेक्सर, केबल, मनोरा आणि डोंगरावरील जागेचे भाडे यांत क्लबची वर्गणी संपून जाई. रिपीटर 'स्वस्तात' उभारायचा ठरवून निघालेल्यांची पुढेही इथेच फसगत होत राहिली.

७/
१९६९ पासून '७३' मासिकाचे संपादक वेन ग्रीन यांनी एफएम आणि रिपीटरचा पुरस्कार झपाट्याने केला. रिपीटर इतके वाढले की १९७२ मध्ये एफसीसीने त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम आणले. डब्ल्यूआर या अक्षरांनी सुरू होणारे वेगळे कॉलसाइन आले आणि त्यांच्यासोबत कागदपत्रांचा ढीगही. काही वर्षांनी ती अट गळून पडली.

८/
इतिहासाची पुनरावृत्ती १ जानेवारी २०१३ रोजी झाली. अमेरिकेतील व्यावसायिक वाहिन्या २५ वरून १२.५ किलोहर्ट्झवर आल्या आणि पुन्हा दणकट संच मोडीत निघाले. जनरल इलेक्ट्रिकचा मास्टर टू हा त्यांतला लाडका. तासन्‌तास बोलत राहिला तरी न तापणारा, वजनाने मात्र माणसाची कंबर मोडणारा.

९/
पुढच्याच काळात यासू कंपनीने डीआर-१एक्स हा नवा कोरा डिजिटल रिपीटर क्लबांना सवलतीत सुमारे ५०० डॉलरला देऊ केला. भंगार न धुंडाळता रिपीटर मिळतो, ही नवलाई होती. तरीही ड्युप्लेक्सर वेगळा घ्यावा लागेच. शिवाय गाडीतला संच मधूनमधून बोलतो, तर रिपीटरला गप्पांच्या संध्याकाळी अखंड बोलावे लागते. त्यामुळे हलक्या उष्णताशोषकाचा संच पूर्ण शक्तीवर चालवणे जाणकार टाळतात. १०० वॅटचा हट्ट सोडून २० वॅटवर समाधान मानले, की यंत्र वर्षानुवर्षे टिकते. उंची चांगली असेल तर ऐकणाऱ्याला फरकही फारसा जाणवत नाही.

१०/
कमी पैशांत पहिला रिपीटर उभारणारे क्लब पुष्कळदा दोन मीटरऐवजी ४४० मेगाहर्ट्झचा पट्टा निवडतात. तिथे अमेरिकेत दोन फ्रिक्वेन्सींमध्ये ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, म्हणजे एक टक्क्याहून अधिक. त्यामुळे दोन फुटी नळकांड्यांऐवजी पुस्तकाएवढ्या चपट्या डबीतला ड्युप्लेक्सरही काम भागवतो, आणि तो जुन्या व्यावसायिक सामानात अजून सापडतो.