समुद्रतळातून गळणारा वायू सोनारने कसा मोजतात?

समुद्रतळातून अनेक ठिकाणी मिथेनचे बुडबुडे निघतात. मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी प्रभावी हरितगृह वायू आहे, म्हणून ही गळती मोजणं महत्त्वाचं.

कसं मोजतात? जहाजावरचा सोनार खाली ध्वनिलहरी सोडतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. बुडबुड्यांवर आदळून तो परततो आणि पडद्यावर तळातून उठणारी ज्योत दिसते. प्रतिध्वनीच्या वेळेवरून खोली कळते, जोरावरून बुडबुड्यांचं प्रमाण. त्यांचा आकार आणि वेग कॅमेऱ्याने टिपला की गळतीचा अंदाज बांधता येतो.

भारतात? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल समुद्रात मिथेनची गळती आढळली. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

धोका किती? खोल पाण्यातला बहुतेक मिथेन वाटेतच विरघळतो. उथळ समुद्रातला मात्र हवेत पोहोचू शकतो.