इंजिनाचा श्वास

मोटार पेट्रोलवर चालते, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच सत्य आहे. एक शेर पेट्रोल नीट जळावयास सुमारे पंधरा शेर हवा लागते. पेट्रोल टाकीत भरून नेता येते. हवा मात्र वाटेत मिळेल तीच घ्यावी लागते. या परस्वाधीनतेतून इंजिन कसे सुटले, ते आज आपण पाहू.

अमेरिकेत कोलोराडो संस्थानात पाइक्स पीक नावाचे सुमारे १४,१०० फूट उंचीचे शिखर आहे. १९१६ साली त्याच्या माथ्यावर मोटारींची शर्यत सुरू झाली. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम साठ टक्के. कार्ब्युरेटर मात्र खालच्याच बेताने पेट्रोल सोडी. मग इंजिन काळा धूर ओके. कारागीर पेट्रोलचे छिद्र लहान करीत. धूर थांबे, पण गेलेले बळ परत येत नसे. भाकरीच कमी, म्हणून कालवणही बेताने वाढावे, तसा हा उपाय!

खरा उपाय स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ सालीच आपल्या पेटंटात सुचविला होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवावे, आणि त्या चक्राच्या जोरावर बाहेरची हवा दाबून आत कोंबावी. पहिल्या महायुद्धात विमाने उंच जाऊ लागली, तेव्हा या कल्पनेची निकड भासली. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी तसे यंत्र तयार केले. त्याची परीक्षा घ्यावयाची कोठे? १९१८ मध्ये ‘लिबर्टी’ विमानाचे इंजिन मालमोटारीवर चढवून त्यांनी थेट पाइक्स पीकचा माथा गाठला. सखल भागात ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन माथ्यावर २३० वर आले होते. यंत्र जोडताच ते ३५६ वर गेले. टाकाऊ मानलेल्या धुरानेच गेलेले बळ परत आणले!

त्याच नोव्हेंबरात युद्ध थांबले. यंत्र मात्र थांबले नाही. २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर श्रोडर यांनी अशाच यंत्राच्या साहाय्याने विमान ३३,००० फुटांवर नेले. इंजिनाचा श्वास शाबूत राहिला. पण श्रोडर यांचा प्राणवायू तुटला, शुद्ध हरपली आणि विमान कित्येक मैल खाली आले. जमीन जवळ येता येता ते सावध झाले, म्हणून वाचले.

१९६२ साली हे यंत्र अमेरिकेत विक्रीच्या मोटारींत आले. आज ते सर्वत्र दिसते. ते नसलेल्या नव्या मोटारींत संगणक हवा मोजून बेताचेच इंधन सोडतो. तरी उंचीवर त्या दमतातच, कारण मोजल्याने हवा वाढत नाही.

पेट्रोलचे मोल आपण पैशांत मोजतो. हवा फुकट मिळते, म्हणून ती हिशेबातून सुटते. तो चुकलेला हिशेब पर्वताने माणसाकडून पुरा करून घेतला, असे आम्हांस वाटते.