कोन मोजायला दोन ठिकाणे लागतात

३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी मध्य प्रदेशातील बीना आणि ग्वाल्हेर यांना जोडणारी ४०० किलोव्होल्टची एक पारेषण वाहिनी बंद पडली. तिच्यावर झाड कोसळले नव्हते, तार तुटली नव्हती, कोठेही शॉर्टसर्किट झालेले नव्हते. वाहिनीच्या संरक्षणासाठी बसवलेल्या रिलेने ती आपणहून तोडली आणि काही क्षणांतच संपूर्ण उत्तर भारताचे ग्रिड कोसळले. सुमारे ३६ हजार मेगावॅटचा भार नाहीसा झाला. संध्याकाळपर्यंत ग्रिड पुन्हा उभे राहिले खरे, पण दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी त्याच रीतीने तुटली. या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्येकडील ग्रिडेही गेली. सुमारे ४८ हजार मेगावॅट भार गमावला गेला. ज्या राज्यांना याची झळ बसली त्यांची लोकसंख्या ६० कोटींहून अधिक होती. रेल्वेगाड्या वाटेतच थांबल्या, आणि पश्चिम बंगालच्या कोळसा खाणींत उतरलेले कामगार लिफ्ट बंद पडल्याने तासन्‌तास भूगर्भात अडकून राहिले.

चौकशी समितीच्या अहवालातील एक आकडा मात्र चक्रावून टाकणारा आहे. ३० तारखेला वाहिनी तुटण्याच्या क्षणी ग्रिडची वारंवारता ४९.६८ हर्ट्झ होती; ३१ तारखेला ती ४९.८४ हर्ट्झ होती. त्या काळच्या भारतीय मापाने दोन्ही आकडे भयसूचक म्हणता येणार नाहीत. मग ग्रिड कोसळले का?

भारतातील भारप्रेषण केंद्रांत वारंवारतेला नाडीचे स्थान होते. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की सर्व जनित्रांची गती किंचित मंदावते आणि वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली उतरते. एकमेकांशी समकालिक जोडलेल्या ग्रिडमध्ये, सर्व काही स्थिर असताना, ती सर्वत्र एकच असते. म्हणून दिल्लीत बसून एका उपकरणाने साऱ्या ग्रिडची नाडी पाहता येते. पण ही नाडी एकूण समतोल सांगते. वीज कोणत्या वाटेने चालली आहे आणि त्या वाटेवर किती ताण आहे, हे ती सांगत नाही. ते सांगणारी राशी निराळी आहे: दोन ठिकाणच्या व्होल्टेजच्या तरंगांमधील कलाकोन, म्हणजेच फेज अँगल. दोन उपकेंद्रांमधून वाहणारी वीज मुख्यत्वे या कोनाच्या फरकाच्या ज्येनुसार, म्हणजे साइननुसार, ठरते. फरक वाढत जाणे म्हणजे दोरी ताणली जाणे. २०१२ च्या त्या दोन दिवसांत पश्चिमेकडे वीज अधिक होती, उत्तरेत मागणी अनावर होती आणि मधल्या कितीतरी वाहिन्या निरनिराळ्या कारणांनी बंद होत्या. दोरी ताणली गेली होती. नाडी मात्र जवळपास ठीक होती.

कोन मोजणे कठीण का, हे समजायला थोडे अंकगणित पुरते. ५० हर्ट्झच्या तरंगाचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पूर्ण होते, म्हणजे २० मिलिसेकंदांत ३६० अंश, एका मिलिसेकंदात १८ अंश. दोन उपकेंद्रांच्या घड्याळांत एका मिलिसेकंदाचा फरक असेल तर कोनात १८ अंशांची चूक होते, आणि अशा मोजमापाचा काहीच उपयोग नाही. वारंवारता एका जागी बसून मोजता येते. कोन एका जागेचा नसतोच. तो दोन जागांमधील संबंध आहे. म्हणून समान घड्याळ आणि मोजमाप दूर पोचवणारी यंत्रणा या दोन्हींवाचून तो अस्तित्वातच येत नाही.

गणित जुने होते. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत प्रत्यावर्ती प्रवाह संमिश्र संख्यांनी मांडण्याची रीत विशद केली. परिमाण आणि कोन एकत्र सांगणारी ही राशी, फेझर, तेव्हापासून विद्युत अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत आहे. वहीत आहे, पण ग्रिडमध्ये ती प्रत्यक्ष कोणी मोजत नव्हते. अमेरिकेतील १९६५ च्या मोठ्या वीजखंडानंतर नियंत्रण केंद्रांत संगणक आले, आणि १९७० मध्ये एमआयटीचे फ्रेड श्वेप्पे यांनी अवस्था-अनुमानाची पद्धत दिली: व्होल्टेज व वीजप्रवाहाची मोजमापे गोळा करायची आणि त्यांवरून कोन गणिताने काढायचे. ही मोजमापे स्काडा यंत्रणेतून दर काही सेकंदांनी येत, निरनिराळ्या क्षणी घेतलेली, आणि ती सारी एकाच क्षणाची आहेत असे मानून हिशेब होई. ग्रिड संथ असेल तोवर ही समजूत चालते.

कोन थेट मोजण्याचे प्रयत्न १९८० च्या आसपास सुरू झाले. कॅनडात हायड्रो-क्वेबेकच्या अभियंत्यांनी माँट्रियल आणि सेत-ईल यांमधील कोनाचा फरक नोंदवला. परंतु त्या वेळी उपलब्ध असलेल्या कालसंकेतांना पुरेशी सूक्ष्मता नव्हती. निर्णायक पाऊल टाकले ते अरुण फडके यांनी. त्यांचा जन्म १९३८ सालचा, ग्वाल्हेरचा. शिक्षण आयआयटी खरगपूर आणि पुढे अमेरिकेत. योगायोगाला अर्थ नसतो, तरीही बीना-ग्वाल्हेर वाहिनीचे नाव वाचताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

फडके यांना सुरुवातीला ग्रिडवर नजर ठेवायची नव्हती. १९७० च्या दशकात अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीत ते संगणकीय रिलेवर काम करत होते. त्या काळचे सूक्ष्मप्रक्रियक इतके संथ होते, की तिन्ही फेजची सर्व समीकरणे वेळेत सुटत नसत. ओझे कमी करण्यासाठी त्यांनी सममित घटकांची युक्ती वापरली. तिच्यातून व्होल्टेजचा धनक्रम फेझर जलद आणि अचूक मिळू लागला. ही राशी रिलेपुरती मर्यादित ठेवण्याजोगी नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १९८३ मध्ये जेम्स थॉर्प आणि मार्क अ‍ॅडमिॲक यांच्यासह त्यांनी फेझर, वारंवारता आणि तिच्या बदलाचा दर मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आता हवे होते ते सर्वत्र सारखे घड्याळ, आणि ते आकाशातून येऊ लागले होते. १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेक येथे पहिले फेझर मापन एकक, म्हणजे पीएमयू, तयार झाले. जीपीएसचे सर्व उपग्रह तोवर कक्षेत पोचलेले नव्हते. उपग्रह दिसत नसताना वेळ सांभाळण्यासाठी ग्राहकयंत्रात उत्तम स्फटिक-दोलक बसवावा लागे. एका मायक्रोसेकंदाची अचूकता म्हणजे ५० हर्ट्झला ०.०१८ अंश. स्टाइनमेट्झ यांच्या कागदावरचा कोन अखेर मोजता येऊ लागला.

मोजलेले पोचवायचे कसे, हा प्रश्न कमी नाट्यमय म्हणून इतिहासात दुर्लक्षित राहतो, पण खरे कौशल्य तेथेच आहे. आयईईई या संस्थेचे पहिले मानक १९९५ मध्ये आले, सी३७.११८ हे २००५ मध्ये. २०११ मध्ये त्याचे दोन भाग झाले: एक मोजमापाचा, दुसरा केवळ संदेशवहनाचा. या मानकातील विदा-संदेश पाहण्याजोगा आहे. प्रारंभखूण, संदेशाची लांबी आणि उपकरणाचा क्रमांक झाला, की लगेच काळ येतो: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, मग सेकंदाचा अपूर्णांक, आणि त्यातच घड्याळावर या क्षणी किती विश्वास ठेवावा याची खूण. फेझर, वारंवारता वगैरे त्यानंतर. ग्राहकयंत्राचा उपग्रहाशी संपर्क तुटला असेल, तर मोजमाप स्वतःच तसे कबूल करते. प्रत्येक राशीचे नाव आणि प्रमाण मात्र या संदेशात नसते. ते वेगळ्या संरचना-संदेशातून आधी पाठवलेले असते. त्यामुळे सेकंदाला २५ किंवा ५० वेळा जाणारा संदेश आटोपशीर राहतो.

केंद्रात हे संदेश फेझर विदा-संकलकाकडे येतात. जवळचा लवकर येतो, दूरचा उशिरा. संकलक पोचण्याची वेळ पाहत नाही, मोजण्याची वेळ पाहतो, आणि एकाच क्षणाचे सर्व संदेश शेजारी मांडतो. उशिरा येणाऱ्यासाठी थांबावे किती? फार थांबले तर चित्र शिळे होते. घाई केली तर चित्रात भोके पडतात. हा पेच आजही पूर्ण सुटलेला नाही, आणि ज्याला केवळ पाहायचे आहे आणि ज्याला तत्काळ स्विच उघडायचे आहे, त्या दोघांसाठी त्याचे उत्तर एकच असू शकत नाही.

भारतात २०१० मध्ये उत्तर विभागात विंध्याचल, कानपूर, दादरी आणि मोगा या चार ठिकाणी प्रायोगिक पीएमयू बसले. दोन वर्षांनी वीज गेली तेव्हा देशभरात अशी उपकरणे मोजकीच होती. चौकशीत त्यांचे मोल कळले. घटनाक्रम लावताना सेकंदाच्या अंशांचा प्रश्न असतो, आणि अनेक उपकेंद्रांतील नोंदयंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती. अशा वेळी पीएमयूच्या नोंदी, आणि आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने काही शैक्षणिक संस्थांत २३० व्होल्टच्या साध्या सॉकेटला जोडलेल्या वारंवारता-मापकांचे आलेख समितीच्या कामी आले. उत्तर ग्रिड उर्वरित ग्रिडपासून सुटे झाल्यानंतर दोन्हींच्या वारंवारता विरुद्ध दिशांना कशा गेल्या, हे त्या आलेखांत स्पष्ट दिसते.

पीएमयू पुरेसे असते तर ते दोन दिवस टळले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. राज्यांनी ठरलेल्यापेक्षा जास्त वीज उचलली, सूचना पाळल्या गेल्या नाहीत. हा प्रश्न उपकरणांचा नव्हता. परंतु वाहिनी तोडणारा रिले मात्र मोजमापाच्या मर्यादेचाच बळी होता. दूरस्थ दोष ओळखणारा हा रिले व्होल्टेज आणि प्रवाह यांचे गुणोत्तर पाहतो. भार अतोनात वाढून व्होल्टेज खाली गेले, की ते गुणोत्तर दूरवरच्या शॉर्टसर्किटसारखे भासू लागते. रिलेच्या तिसऱ्या क्षेत्राने भाराला दोष समजून वाहिनी तोडली. त्याला फक्त स्वतःची जागा दिसत होती.

समितीने पीएमयूंचे जाळे विस्तारण्याची शिफारस केली. दरम्यान ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिण ग्रिड उर्वरित देशाशी समकालिक झाले. सारा देश एकाच वारंवारतेवर आला आणि कोनाचा प्रश्न काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरला. पॉवरग्रिडच्या यूआरटीडीएसएम प्रकल्पात हजारांहून अधिक पीएमयू बसवून त्यांची विदा राज्य, विभाग आणि राष्ट्रीय केंद्रांकडे नेण्यात आली. सेकंदाला २५ या दराने एक पीएमयू दिवसाला २१ लाख ६० हजार संदेश पाठवतो. हजार पीएमयूंचे दिवसाला २१६ कोटी होतात. या विदेचा उपयोग करणारी संगणकीय साधने आयआयटी मुंबईने पॉवरग्रिडबरोबर विकसित केली. तिसऱ्या क्षेत्राच्या रिलेवर दूरच्या मोजमापांची देखरेख ठेवून त्याला चुकीने तुटण्यापासून रोखणे, हे त्यांपैकी एक.

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा मागणी ३१,०८९ मेगावॅटने घसरली आणि पुन्हा वर आली. जलविद्युत केंद्रांनी आधी ठरवल्याप्रमाणे निर्मिती उतरवली आणि चढवली. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान राहिली. त्या रात्रीची पूर्वतयारी करायला वेळ मिळाला होता. राजस्थानात भडला आणि फतेहगढ परिसरातील सौरप्रकल्पांभोवती मात्र अलीकडच्या वर्षांत व्होल्टेजची आंदोलने कसलीही पूर्वसूचना न देता उठली आहेत. तेथे जडत्व देणारी फिरती जनित्रे थोडी आणि इन्व्हर्टर पुष्कळ आहेत. ती आंदोलने पीएमयूच्या आलेखांत उमटली. दर काही सेकंदांनी येणाऱ्या स्काडाच्या आकड्यांत सेकंदाच्या आत घडणारे असे चढउतार दिसतच नाहीत. आता अभियंते यापेक्षाही वेगाने, थेट तरंगाचेच नमुने वेळेच्या खुणेसह पाठवता येतील का, हे तपासत आहेत.