चौकटीसह तयार दरवाजा घरी कसा बसवतात? खान्देशातल्या घरांसाठी सोपी माहिती

जळगाव-धुळ्यात घर बांधताना दाराची चौकट बहुतेक वेळा वीटकामासोबतच उभी करतात. लोखंडी होल्डफास्टने ती भिंतीत पक्की होते आणि पल्ला नंतर सुतार लावतो. 'प्रीहंग' म्हणजेच चौकटीसह तयार दरवाजात हा क्रम बदलतो. चौकट, पल्ला आणि बिजागऱ्या आधीच जुळवलेल्या असतात. प्लास्टर आणि फरशी झाल्यावर पूर्ण संच मोकळ्या जागेत बसवला जातो. बिजागरीसाठी खाच पाडण्याचे काम वाचते, पण माप चुकले तर सुधारायला फारसा वाव राहत नाही.

आधी भिंत तपासा

जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड भिंतीचा भार अनेकदा दारावरच्या लाकडांवर आणि चौकटीवर असतो. अशी चौकट टेकू न देता काढली तर वरची माती खाली येऊ शकते. तिथे आधी जाणकार गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवावे. सिमेंटच्या घरातही जागा वाढवण्यासाठी लिंटल फोडू नये.

दुसरा मुद्दा काळ्या मातीचा. तापी खोऱ्यातली ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया पुरेसा खोल नसेल, तर भिंतीही थोड्या हलतात. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली असेल आणि ती दरवर्षी रुंदावत असेल, तर नवीन दरवाजाही काही महिन्यांत अडकू लागेल. आधी भिंतीचा इलाज, मग दरवाजा.

माप कसे घ्यावे?

- रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी. सर्वांत कमी माप धरावे.
- उंची दोन्ही बाजूंना, तयार फरशीपासून मोजावी.
- दोन्ही कर्ण मोजावेत. फरक १० मिमीपेक्षा जास्त असेल, तर प्लास्टर दुरुस्त करून घ्यावे.
- भिंतीची जाडी प्लास्टरसह घ्यावी. 'चार इंची' भिंत प्लास्टरनंतर पाच-सहा इंच भरते.
- मोकळी जागा चौकटीच्या बाहेरील मापापेक्षा रुंदीला साधारण २० मिमी आणि उंचीला १० मिमी जास्त असावी.
- बिजागऱ्या डावीकडे हव्यात की उजवीकडे आणि दार कोणत्या खोलीत उघडणार, हे ऑर्डर देतानाच सांगावे.

कोणता दरवाजा घ्यावा?

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी पडते आणि लाकूड आकसते. जुलैत तेच लाकूड ओल शोषून फुगते. त्यातच ज्या खोलीत कूलर चालतो, तिथला लाकडी दरवाजा भर उन्हाळ्यातही दमट हवा खातो. म्हणून लाकडी किंवा फ्लश दरवाजाच्या चारही कडांना रंग किंवा पॉलिश लावावे. वरची आणि खालची कड बहुधा विसरली जाते आणि ओल तिथूनच शिरते. न्हाणीघरासाठी डब्ल्यूपीसी किंवा पीव्हीसी बरे. त्यांना पाण्याचा आणि वाळवीचा त्रास नसतो.

बसवण्याच्या पायऱ्या

१. दोघांनी मिळून संच जागेत उभा करावा. पल्ला बंद ठेवावा आणि पल्ला-चौकटीच्या फटीत ३ मिमी जाड पुठ्ठ्याचे तुकडे घालावेत.

२. बिजागरीच्या बाजूपासून सुरुवात करावी. प्रत्येक बिजागरीमागे लाकडी पाचरांची जोडी दोन्ही बाजूंनी समोरासमोर सरकवावी, म्हणजे चौकट पिळली जात नाही.

३. ओळंबा किंवा स्पिरिट लेव्हल दोन दिशांनी लावावी: भिंतीच्या पातळीत आणि दाराच्या बाजूने. ही बाजू सरळ नसेल, तर दार आपोआप उघडते किंवा मिटते.

४. पाचरांच्या जागी ड्रिलने छिद्र पाडून प्लग आणि लांब स्क्रू बसवावेत. विजेची वायर कुठून गेली आहे, ते आधी पाहावे. स्क्रू एकदम आवळू नयेत.

५. पुठ्ठे काढून दार उघडून-मिटून पाहावे. फट सगळीकडे सारखी आली की कडीची बाजू पक्की करावी.

६. पुन्हा पुठ्ठे घालून दार बंद करावे आणि भिंत-चौकटीमधल्या फटीत कमी फुगणारा पीयू फोम भरावा. फट अर्ध्याच्या थोडी वर भरली की पुरे. हा फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. म्हणून उन्हाळ्यात आधी फटीत पाण्याचा हलका फवारा मारावा.

७. डब्यावर दिलेल्या वेळेनंतर जादा फोम आणि पाचरांची टोके कापावीत आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या लावाव्यात.

नेहमीची चूक

केवळ फोमवर चौकट उभी करणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. फोम फट भरतो. दाराचे वजन मात्र स्क्रूंनीच पेलायचे असते. फोम सुकल्यावर चौकट वाकडी निघाली, तर ती कापूनच काढावी लागते. त्यामुळे डबा उघडण्यापूर्वी लेव्हल आणखी एकदा लावून पाहावी.