मोत्याला मोड नाही

पानिपतच्या १७६१ मधील पराभवाची बातमी दक्षिणेत पोहोचविणाऱ्या एका सावकारी पत्राचा उल्लेख मराठी इतिहासात वारंवार येतो. त्यात माणसांची नावे नाहीत. दोन मोती नाहीसे झाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये व खुर्दा यांचा हिशेब लागत नाही, अशा आशयाचा तो सांकेतिक मजकूर आहे. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे असंख्य सामान्य शिपाई. या संकेतात मोलाची उतरंड उघड आहे. परंतु तीत आणखी एक भेद दडलेला आहे, तो सहसा लक्षात घेतला जात नाही. मोहर आटवून पुन्हा पाडता येते. भंगलेला मोती पुन्हा सांधता येत नाही. मोत्याचे ‘पाणी’ गेले की गेलेच. सराफाच्या पेढीवर हाच भेद रोखठोक भाषेत सांगितला जातो: सोन्याला मोड आहे, मोत्याला मोड नाही. जुना दागिना मोडीत घातल्यावर पैसे येतात ते सोन्याचे. त्यातील मोती बहुधा कागदाच्या पुडीत बांधून परत मिळतात.

चिंचपेटीचा विचार या भेदाच्या आधारे करावयास हवा. चिंचपेटी म्हणजे गळ्याला घट्ट बसणारा, मोत्यांनी भरलेल्या लहान लहान पेट्यांचा पट्टा. मध्ये बहुधा लाल खडा, क्वचित हिरवा. मागे रेशमी दोरा आणि गोंडा, म्हणजे गळ्याच्या मापाप्रमाणे तो सैल किंवा आवळ करता यावा. नथ, तन्मणी, कुडी आणि चिंचपेटी हा मोत्यांचा संच आज ‘मराठमोळ्या’ साजाचे प्रतीक मानला जातो. ‘पूर्वीपासून मराठी स्त्री हेच ल्यायची’ असे विधान जाहिरातींत आणि समारंभांच्या निवेदनांत सहज केले जाते. प्रश्न असा, की ही ‘मराठी स्त्री’ नेमकी कोणती? गिरगावातली की परळ-लालबागची? या दोन वस्त्यांमध्ये अंतर थोडेच आहे. परंतु दागिन्यांच्या इतिहासात त्या दीर्घकाळ दोन वेगळ्या जगांत राहिल्या.

मोती हा आधी दरबारी अलंकार होता आणि तो केवळ स्त्रियांचाही नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात सवाई माधवरावांचे जे चित्र काढले, त्यात पेशव्यांच्या अंगावर मोत्यांच्या माळा ठळकपणे दिसतात. एकोणिसाव्या शतकात बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचा सातपदरी कंठा प्रसिद्ध होता. त्यांनी सुमारे १८६५ मध्ये मोत्यांनी भरलेला एक गालिचाही करवून घेतला. सत्ताधाऱ्याला मोड पाहण्याची गरज नसते. जे विकावे लागणार नाही तेच अंगावर मिरवावे, हा दरबारी अलंकाराचा मूळ अर्थ. पेशवाई संपल्यावर हा अर्थ मुंबईतील नवशिक्षित, नोकरदार आणि व्यापारी घरांनी आपल्या ऐपतीनुसार उचलला.

तो उचलणे मुंबईत शक्य झाले, कारण मोत्यांची मोठी बाजारपेठ येथेच होती. आपण ज्याला ‘बसरा मोती’ म्हणतो, तो बसऱ्यात निपजत नव्हता. बहरीन आणि इराणच्या आखाताच्या इतर किनाऱ्यांवर उन्हाळ्यातील सुमारे चार महिने पाणबुडे शिंपले काढीत. त्यांच्यापैकी पुष्कळजण नाखव्याच्या आणि व्यापाऱ्याच्या कर्जात जन्मभर अडकलेले असत. हंगाम संपला की अरब व्यापारी माल घेऊन मुंबईस येत. येथे पितळी चाळण्यांतून मोत्यांची प्रतवारी होई, कमानीच्या सामत्याने भोके पाडली जात आणि रेशमी दोऱ्यात ओवलेले त्यांचे झुबके ‘बॉम्बे बंच’ या नावाने लंडन-पॅरिसला रवाना होत. पांढरे मोती युरोपाकडे जावेत आणि किंचित पिवळसर झाक असलेले येथे राहावेत, अशी अभिरुचीची वाटणी होती. मोत्याचे मोल साध्या वजनाने ठरत नसे, वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात ठरे: दुप्पट वजनाचा मोती चौपट किमतीचा. बाजारात या मापाला ‘चव’ म्हणत. साहजिकच लहान दाणे तुलनेने स्वस्त पडत. पुष्कळ लहान दाण्यांतून भरगच्चपणा साधणारी चिंचपेटी मध्यम सांपत्तिक स्थितीतील घराला का जमली असेल, याचे एक कारण या गणितात सापडते. टपोऱ्या मोत्यांची माळ संस्थानिकांची. बारीक मोत्यांची पेटी वकील-अव्वल कारकुनाच्या घरातली.

कोणत्या प्रसंगी काय ल्यावे याचे संकेत अशा घरांत घडत गेले. चिंचपेटी गळ्यालगत बसते, म्हणून तिच्याखाली लगेच दुसरा दागिना नको. मध्ये मोकळी जागा सोडून तन्मणी यावा. पैठणी किंवा शालू असेल तर हा पूर्ण संच. नारायणपेठी किंवा इरकली असेल तर नुसती पेटी आणि कुडी पुरे. लग्न, मंगळागौर, चैत्रातले हळदीकुंकू हे तिचे दिवस. रोजच्या वापराचा हा दागिना नव्हे. याला व्यावहारिक कारणही आहे. मोती हा जैव पदार्थ आहे आणि खनिज रत्नांच्या मानाने फार मऊ आहे. घाम, अत्तर, केसांचे तेल यांनी त्याचे तेज उतरते. म्हणून तो सर्वांत शेवटी घालावा, सर्वांत आधी काढावा, मऊ कापडाने पुसून गुंडाळून ठेवावा आणि दोरा जुना झाला की पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यावा. अशा सांभाळणुकीला सवड लागते; सवडीला घरात दुसरे कोणी राबणारे लागते.

या संकेतांत एक कठोर रेषाही होती. चिंचपेटी हे सौभाग्यचिन्ह नव्हे. ते स्थान मंगळसूत्राचे. अविवाहित मुलीलाही ती घालता येई. तरीही विधवेच्या गळ्यात ती येऊ शकत नव्हती, कारण अंगावर दागिना म्हणून काहीच नसावे असा उच्चवर्णीय घरांचा दंडक होता. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध झाला, परंतु दागिन्यांची पेटी कायद्याने उघडली नाही. ‘कोणत्या प्रसंगी कोणता अलंकार’ हा आज केवळ रुचीचा वाटणारा प्रश्न त्या काळी ‘कोणाला प्रसंगात स्थान आहे’ या प्रश्नात गुंतलेला होता.

आता गिरणगावाकडे वळू. कोकणातून आणि घाटावरून परळ, लालबाग, शिवडीत आलेल्या कामगार कुटुंबांतही दागिन्यांची हौस होती. परंतु तिचा न्याय वेगळा होता. डोरले, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, बुगडी, हे सारे सोन्याचे. पुतळीची माळ तर उघडच नाण्यांच्या रूपाची: अडचण आली की एक पुतळी काढावी, दिवस बरे आले की पुन्हा ओवावी. स्त्रीधनाचा विचार धर्मशास्त्रात विस्ताराने झाला आहे; मुंबई बेटावर नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ यासाठी विशेष प्रमाण मानला जाई. पण चाळीतल्या बाईला स्त्रीधन म्हणजे काय हे ग्रंथावाचून ठाऊक होते. सावकार ज्यावर पैसे देतो ते धन. सावकार मोत्यावर पैसे देत नव्हता.

खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांचा इतिहास येथे आठवावा. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या या बायका धान्यासाठी दुकानदाराच्या आणि सावकाराच्या कर्जात अडकत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा गहाणवटीच्या या चक्राला पहिला गंभीर पर्याय निर्माण झाला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांतील मिळकत थांबली. तो संप ज्यांनी सोसला त्यांच्या घरात सोने टप्प्याटप्प्याने कसे गेले, हे गिरणगावाच्या सामूहिक स्मृतीचा भाग आहे. अशा घरांच्या वारशात चिंचपेटी का नाही, हा प्रश्न रसिकतेच्या अभावाचा नाही. ज्याला मोड नाही ते विकत घेणे परवडत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु मोत्याचा बडेजाव याच्या पुष्कळ आधी, दूर जपानात पोखरला गेला होता. कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखविला. १९२० च्या दशकात पूर्ण गोल संवर्धित मोती युरोपच्या बाजारात आले. पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली. आखातातला मोत्यांचा धंदा कोसळला आणि त्याबरोबर मुंबईची पेठही खचली; बहरीनमध्ये १९३२ साली तेल सापडले आणि पाणबुड्यांच्या वस्त्यांना दुसरी मजुरी मिळाली. घसरण किती झाली याचे एक माप न्यूयॉर्कमध्ये आहे. १९१७ मध्ये कार्तिए या पेढीने फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची इमारत मिळविली ती शंभर डॉलर आणि दहा लाख डॉलर किमतीच्या दुपदरी मोत्यांच्या मोबदल्यात. तेच मोती १९५७ मध्ये लिलावात १,५१,००० डॉलरला गेले. इमारत मात्र कार्तिएकडे राहिली. मोत्याला मोड नाही, हा अनुभव सराफकट्ट्यावरून जागतिक बाजारात पोहोचला.

तथापि याच घसरणीने चिंचपेटीला गिरगाव-दादरच्या पलीकडे नेले. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यावर बंदी आणली. ती मर्यादा पुढे उठली, तरी सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० पर्यंत होता. सोने महाग आणि मोती स्वस्त होत असताना चांदीवर मुलामा दिलेल्या, पुढे साध्या धातूच्या पेट्यांत संवर्धित किंवा काचेचे मोती भरले जाऊ लागले. आज बाजारातील बहुतेक खरे मोती चीनमधील गोड्या पाण्यातले असतात. नकलेची ही प्रवृत्ती आपल्याला नवी नाही. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर नववधू हलव्याचे दागिने घालते. ते पांढरे काटेरी दाणे काही अंशी मोत्यांचेच रूप घेतात. परळ-लालबागच्या तमाशा थिएटरांत तर झळझळीत खोटा साज हा कलेचा स्वीकृत भाग होता. नाटकाच्या रंगभूमीवर बालगंधर्वांच्या वेशभूषेचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी केले, हेही नाट्येतिहासात नोंदलेले आहे. खरा दागिना रंगमंचावर आणि रंगमंचाचा दागिना घरात, अशी ये-जा मराठी समाजात आधीपासूनच होती.

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून गिरगावात गुढीपाडव्याच्या शोभायात्रा निघू लागल्या. त्यांत नऊवारी, नथ आणि चिंचपेटी घालून बुलेटवर स्वार झालेल्या तरुणी दिसतात. जाणकार नाक मुरडतात: मोती प्लॅस्टिकचे, पेटी पितळेची, वर ‘परंपरा’ म्हणून मिरवायचे! या तक्रारीत तथ्याचा अंश आहे. पटवेकऱ्याची गाठ, मोत्याच्या पाण्याची पारख, पिवळसर झाकीची आवड हे ज्ञान खरोखरच विरळ होत आहे आणि त्याची नोंद व्हावयास हवी. परंतु ‘परंपरा भ्रष्ट झाली’ हा निष्कर्ष इतिहासाला धरून नाही. चिंचपेटी सर्व मराठी स्त्रियांची कधीच नव्हती; ती तशी प्रथमच होत आहे, आणि होत आहे ती खोट्या मोत्यांमुळे. दरम्यान खऱ्या मोत्याने पुन्हा संस्थानी वाट धरली आहे: बडोद्याच्या त्या कंठ्यातील मोत्यांची दुपदरी माळ २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तर लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली.

म्हणून आज चिंचपेटी निवडताना पैठणीचा काठ, गळ्याची उंची आणि तन्मण्याचे अंतर पाहावे, पण जुन्या दंडकांतील कोणते पाळायचे आणि कोणते सोडायचे तेही पाहावे. मोती शेवटी घालावा आणि आधी काढावा, हा नियम पदार्थाच्या स्वभावातून आला आहे; तो पाळावा. कोणी ल्यावे आणि कोणी लेऊ नये, हा नियम माणसांनी केला होता. तो मोडीत घालावा. संपात सोने गमावलेल्या घरातील नात पाडव्याला दादरच्या फुटपाथवर घेतलेली पेटी गळ्यात बांधते, तेव्हा तिच्या दागिन्याला बाजारात काहीच मोल नसते. तिच्या आजीला ज्याची मोड येणार नाही असे काहीही घेता आले नव्हते. नातीला ते घेता येते.