हिंगोलीची छावणी, पहाऱ्यापासून शंभर यार्डांवर

रिसाला, पलटण, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. हिंगोलीत पत्ता सांगताना ही नावे रोज घेतली जातात आणि त्यांच्या मागोमाग चालत गेले की जुन्या छावणीची फेरी होते. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होती. त्याही आधी, निजामी काळात, मुलूख निजामाचा, पगार निजामाच्या खजिन्यातून आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी इथल्या फौजेची रचना होती.

या छावणीत वावरलेल्या एका अधिकाऱ्याची साक्ष छापील रूपात उरली आहे. फिलिप मेडोज टेलर निजामाच्या चाकरीत होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही त्याची कादंबरी १८३९ साली लंडनला निघाली. तिची कथा रचलेली असली, तरी प्रस्तावनेत तो हिंगोलीविषयी स्वतःच्या नावाने लिहितो. हरिसिंग हा छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी होता; टेलरचेही त्याच्याशी देणेघेणे होते. मुंबईहून कापड आणायचे म्हणून हरिसिंगाने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना घेतला. ते कापड घेऊन दुसराच एक व्यापारी येत होता. त्या व्यापाऱ्याला हरिसिंगाने माणसांसकट मारले आणि त्याच परवान्यावर माल छावणीत आणून उघड विकला. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात त्याच्या ठगांच्या टोळीने आणखी खून केले. प्रेते पुरली ती पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर.

या मजकुराचे दोन भाग वेगळे तोलावे लागतात. परवान्याची हकिगत हरिसिंगाच्या कबुलीवर उभी आहे, आणि ती त्याने पकडला गेल्यावर दिली. माफीच्या साक्षीदारांचा जीव तर त्यांच्या जबानीवरच अवलंबून असे. मात्र त्यांनी दाखवलेल्या जागा खणल्या, तेव्हा टेलर तिथे हजर होता आणि एकेका खड्ड्यात अनेक प्रेते निघाली. परवाना देणारा अधिकारी आणि कापड विकणारा खुनी, दोघांचीही नावे त्याने नोंदवली. मेलेला व्यापारी मात्र हिंगोलीजवळच्या एका गावचा, एवढाच उरतो.

अशा बंदोबस्तासाठी ठेवलेल्या या फौजेची किंमत तहांत सापडते. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ मध्ये ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने देण्यात आले आणि १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली.

पन्नास वर्षे वऱ्हाडच्या कुणब्याचा सारा ज्या फौजेसाठी तारण होता, तिने आपल्याच बाजारात कापड विकणाऱ्या-घेणाऱ्याला किती राखले, हे टेलरच्या त्या पाना-दोन पानांत वाचायचे आणि मगच सदर बाजारात फिरायचे.