प्रकल्पांचे सामायिक फोल्डर : सर्व्हर बसवतानाच घ्यावयाची काळजी

रावेत : पिंपरी-चिंचवड आणि चाकण औद्योगिक पट्ट्यात मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग, डाय आणि फिक्स्चर पुरविणारे असंख्य लघुउद्योग आहेत. रावेत, आकुर्डी, भोसरी परिसरातील अशा उद्योगाची खरी पुंजी म्हणजे त्याची ड्रॉइंग. ती वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेली असली, की जुन्या रिव्हिजनवरून माल कापला जातो आणि संपूर्ण लॉट नाकारला जाण्याची वेळ येते. यावरील उपाय म्हणजे सर्व्हरवरील सामायिक फोल्डर. मात्र त्याची रचना सर्व्हर बसवतानाच ठरवावी लागते. काम सुरू झाल्यावर ती बदलणे कठीण जाते.

जागा आणि नाव

सर्व्हर सॉफ्टवेअर बसवताना हार्ड डिस्कचे किमान दोन भाग करावेत. 'सी' ड्राइव्हवर केवळ प्रणाली आणि 'डी' ड्राइव्हवर प्रकल्पांची माहिती ठेवावी. त्यामुळे प्रणाली पुन्हा बसवावी लागली, तरी ड्रॉइंगना धक्का न लावता ते काम करता येते.

सर्व्हरचे नाव आणि सामायिक फोल्डरचे नाव सुरुवातीलाच निश्चित करावे. कॅड सॉफ्टवेअरमधील जुळणीच्या फायलीत सुट्या भागांच्या फायलींचा पत्ता नोंदलेला असतो. फोल्डरचे नाव वा जागा बदलल्यास हे दुवे तुटू शकतात. सर्व संगणकांवर हा फोल्डर एकाच अक्षराच्या ड्राइव्हने जोडावा. नावे आटोपशीर असावीत. विंडोजमधील अनेक सॉफ्टवेअर २६० अक्षरांपेक्षा लांब पत्ता स्वीकारत नाहीत.

परवानग्यांचे दोन स्तर

विंडोज सर्व्हरवर सामायिक फोल्डरला दोन प्रकारच्या परवानग्या असतात. पहिली नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठीची, तर दुसरी डिस्कच्या एनटीएफएस रचनेची. दोन्हींपैकी जी अधिक कडक, ती लागू होते. फाइल दिसते पण साठवता येत नाही, ही तक्रार बहुधा यातूनच उद्भवते. अशा वेळी 'एव्हरीवन'ला दोन्हीकडे 'फुल कंट्रोल' देऊन मोकळे होण्याचा मोह टाळावा.

परवानगी व्यक्तीला न देता गटाला द्यावी. डिझाइन, उत्पादन, गुणवत्ता आणि खरेदी असे गट करावेत. कर्मचारी बदलला, की केवळ गटातील नाव बदलावे लागते. प्रत्येक प्रकल्प क्रमांकाखाली 'चालू काम' आणि 'मंजूर' असे दोन फोल्डर ठेवावेत. 'चालू काम'मध्ये डिझाइन गटाला बदलाचा अधिकार असावा. 'मंजूर'मध्ये मशीन शॉपला केवळ वाचण्याचा अधिकार असावा आणि तेथे फाइल ठेवण्याचा अधिकार एकदोघांनाच असावा. जुन्या रिव्हिजनचा घोळ थांबतो तो येथेच.

लिनक्स सर्व्हरवर हेच काम 'सांबा' हे मुक्त सॉफ्टवेअर करते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्याचा प्रारंभ केला. तेथेही नेटवर्कच्या आणि डिस्कच्या परवानग्या वेगळ्या असतात. नवी फाइल प्रकल्पाच्या गटाच्याच मालकीची व्हावी, अशी व्यवस्था आधीच करावी, अन्यथा एकाची फाइल दुसऱ्याला उघडत नाही.

दार उघडे राहिल्यास

विंडोजमधील सामायिक फोल्डर 'एसएमबी' या संवादपद्धतीवर चालतात. तिच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. जून २०१७ मधील 'नॉटपेट्या'ने त्या दोषाबरोबरच चोरलेल्या प्रशासकीय पासवर्डचाही वापर केला. त्याचा फटका मर्स्क समूहाला बसला आणि उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळित झाले.

म्हणून पहिली आवृत्ती बंद ठेवावी. जुन्या सीएनसी यंत्राच्या संगणकाला तीच लागत असेल, तर त्याचे नेटवर्क वेगळे करावे. त्याच्यासाठी मुख्य सर्व्हरचे दार उघडू नये. ४४५ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटला कधीही खुले ठेवू नये. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनमार्फतच प्रवेश द्यावा. रोजच्या कामासाठी प्रशासकाचे खाते वापरू नये.

बॅकअप आणि चाचणी

विंडोज सर्व्हरमधील 'शॅडो कॉपी' सुविधेने चुकून पुसलेली फाइल परत मिळते, परंतु ती बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. दोन डिस्कवर एकच माहिती लिहिणारी 'रेड' रचनाही डिस्क बिघडण्यापुरतीच उपयोगी आहे. खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर त्या दोन्ही डिस्कवर कुलूपबंद होतात. त्यामुळे एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवलेल्या डिस्कवर असावी आणि तिच्यातून एखादी फाइल परत आणून पाहावी.

सर्व्हर ताब्यात घेण्यापूर्वी मशीन शॉपच्या खात्याने प्रवेश करून 'मंजूर'मधील चाचणीची फाइल पुसण्याचा प्रयत्न करावा. ती पुसली गेली, तर परवानग्यांचे काम अपुरे आहे, असे समजावे आणि ते पूर्ण होईपर्यंत खरी ड्रॉइंग सर्व्हरवर चढवू नयेत.